धरणाकाठची एक रात्र

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले आहे खरे, पण मी काही वक्ती नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे लग्न झाले आणि पाटी-पेन्सिलीच्या जागी पोळपाट-लाटणे आले. तेव्हा बोलण्यात काही मागेपुढे झाले, तर पदरात घ्या.

अध्यक्षबाईंनी मला विषय दिला आहे, 'आपली भंडारदऱ्याची सहल'. चिटणीसबाईंनी त्या वर्षीच्या अहवालात लिहिले आहे की, सहल आनंदात पार पडली. ते खोटे नाही. पण ते पुरतेही नाही. त्या रात्री एक गोष्ट घडली आणि ती घरी सांगायची नाही, अशी आम्ही नऊ जणींनी गाठ मारली होती. का मारली, ते तुम्ही ओळखलेच असेल. बायकांच्या सहलीत काही वावगे झाले असे कळले, की पुन्हा कोणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायचे नाही, ही धास्ती.

मग आज का सांगते? तर त्यानंतरच्या थंडीत आमच्या गल्लीत एक लेक बाळंतपणाला माहेरी आली. मी डिंकाचे लाडू घेऊन बघायला गेले. पाहते तो काय, दार लावलेले, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या, बाजेखाली कोळशाची शेगडी आणि बाजेवर ती पोर आणि आठ दिवसांचे बाळ. मी लाडूंचा डबा खाली ठेवला, शेगडी उचलली आणि सरळ अंगणात नेऊन ठेवली. तिची आई माझ्यावर चांगलीच रागावली. "बाळंतिणीचा शेक का काढलास?" म्हणाली. तेव्हा मला सगळे सांगावे लागले. एका घरी सांगितले, तर सगळ्याच घरी का सांगू नये, असे मनाने घेतले. बाकीच्या आठ जणींना विचारले. त्यांनी होकार दिला. म्हणून ही गाठ आज सोडते.

गोष्ट २०२४ च्या जानेवारीतली. आपल्या भिशीचे थोडे पैसे शिल्लक होते. कोणी म्हणाले, भांडी घ्यावीत. कोणी म्हणाले, देवदर्शनाला जावे. आमच्या खजिनदार वहिनी एकदम म्हणाल्या, "आपण तंबूत राहायला जाऊ. माझा मुलगा मित्रांबरोबर जाऊन आला. धरणाकाठी तंबू लावून देतात, जेवण देतात, सकाळी नाश्ता देतात. आपण नुसते बसायचे." हे शेवटचे वाक्य सगळ्यांना फारच गोड लागले. नुसते बसायचे! आपल्यापैकी कितीजणी लग्न झाल्यापासून एक रात्र नुसत्या बसल्या आहेत?

तारीख ठरली १३ जानेवारी, शनिवार. दुसऱ्या दिवशी रविवारी भोगी आणि सोमवारी संक्रांत. सासूबाई म्हणाल्या, "भोगीच्या दिवशी घरची बाई रानात?" मी म्हटले, दुपारपर्यंत येते आणि रात्री बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी माझ्याच हातची होईल. त्यांनी मान हलवली. होकाराची होती की नकाराची, ते मी विचारले नाही. हे मात्र म्हणाले, "जा, पण पाण्याजवळ जाऊ नका." भीती होती ती पाण्याची. विस्तवाची भीती कोणाच्या ध्यानीमनी नव्हती.

आम्ही नऊ बायका आणि माझी अकरा वर्षांची धाकटी, अशा दहा जणी जीपगाडीने निघालो. अकोले, राजूर, शेंडी असा रस्ता. बराच वेळ प्रवरा आपल्या सोबतीला असते. मैत्रिणींनो, आपण संगमनेरकर प्रवरेच्या काठी वाढलो. तिच्यावर धुणी धुतली, गणपती बोळवले, नळाला येते तेही तिचेच पाणी. पण ती कुठून येते हे पाहायला मला चाळिशी उलटावी लागली. रतनगडाच्या डोंगरात ती उगम पावते, भंडारदऱ्याला अडते आणि मग आपल्या दारावरून पुढे गोदावरीला जाऊन मिळते.

ते धरण इंग्रजांच्या अमदानीत १९२६ साली पुरे झाले. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचे नाव त्याला दिले. दगडी बांधकाम, उंची ८२ मीटर. म्हणजे आपल्या चारमजली इमारतीसारख्या सहा इमारती एकीवर एक ठेवल्या, तरी पुरे पडेलसे वाटत नाही. त्यात सुमारे अकरा टीएमसी पाणी मावते. हा आकडा आपल्या पुरुषमंडळींच्या तोंडी पावसाळाभर असतो, कारण खालच्या भागातला ऊस त्यावर उभा आहे. त्या उसाचा गूळ-साखर आपल्या डब्यात आहे. तो मुलूख मात्र महादेव कोळी आणि ठाकर लोकांचा. इंग्रजांविरुद्ध उठलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. त्यांना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. हे मला तिथल्या एका शाळकरी मुलाने सांगितले. मी आमच्या धाकटीला म्हटले, बघ, पुस्तकात नाही ते इथे मिळते.

चार वाजता आम्ही पोचलो. धरणाच्या फुगवट्याच्या काठाला उतरती जमीन आहे, तिथे तंबूंची रांग होती. तंबू म्हणजे आपल्या मनात असतो तसा सर्कशीचा कनातीचा तंबू नव्हे. पातळ नायलॉनचे कापड, आत दोन वाकवलेल्या काड्या, खाली चिवट कापडाची बूड आणि तोंडाला झिप. वर दव पडू नये म्हणून आणखी एक कापड. आत उभे राहता येत नाही, रांगतच जावे लागते. आमच्या काकूंचे गुडघे दुखतात. त्या म्हणाल्या, "अगं, हे तर मांजरीचे खोके!" इतक्या हसलो, की शेजारच्या तंबूतली मुले बाहेर येऊन बघू लागली.

तंबूंचा मालक तरुण होता. पण खरा कारभार त्याच्या आईचा. साठीच्या पुढची बाई, अंगाने काटकुळी, नऊवारी नेसलेली. आम्ही त्यांना मावशी म्हणू लागलो. चूल त्यांची, भाकरी त्यांची, सरपण आणणेही त्यांचेच. आणि आता मला एक लाजिरवाणी गोष्ट सांगायची आहे. मावशी म्हणाल्या, सकाळी अंघोळीला गरम पाणी हवे असेल, तर बादलीला तीस रुपये. आम्ही लगेच सुरू झालो. पाण्याचे कसले पैसे? समोर एवढे धरण भरले आहे! वीस करा. दहा बादल्या घेतो, सगळ्यांचे मिळून दीडशे करा. भाजीबाजारात करतो तशीच घासाघीस. मावशी फार बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "पाणी समोर हाये ताई, लाकूड डोंगरात हाये." तरी आम्ही ते वीसावर आणलेच आणि मोठा पराक्रम केल्यासारख्या एकमेकींकडे बघितले.

आपल्यात म्हण आहे, 'धरण उशाला आणि कोरड घशाला'. ती मी शंभरदा म्हटली असेन. पण तिच्यातली कोरड कोणाच्या घशाला, ते त्या दिवशी समोर उभे असून मला दिसले नाही.

सूर्य डोंगराआड गेला आणि थंडी एकदम आली. पाण्यावरून वारा सुटला. आम्ही शाली गुंडाळून पाण्याकडे तोंड करून बसलो. दोन दिवसांपूर्वीच अमावास्या झाली होती. चंद्राची कोर थोडा वेळ दिसली आणि बुडाली. मग जे चांदणे पडले, ते मी जन्मात पाहिले नव्हते. मृगाचे नक्षत्र, त्याचा बाण, पलीकडे कृत्तिकांचा झुबका. आमच्या काकू म्हणाल्या, "माझ्या माहेरी गच्चीवरून दिसायच्या या. मला वाटले, आता राहिल्या नाहीत." कोणी ओव्या म्हटल्या, कोणी भोंडल्याची गाणी. माझी जाऊबाई घरात तोंड उघडत नाही. ती त्या रात्री असे गायली, की मला वाटले, वीस वर्षे एका घरात राहून हिचा आवाज मी आज ऐकते आहे. मैत्रिणींनो, आणखी काही झाले नसते, तरी या एका तासासाठी ती सहल सार्थकी लागली असती.

जेवणाआधी प्रत्येक गटाला एक लोखंडी शेगडी मिळाली होती, कोळसा भरलेली. तिच्यावर बटाटे, पनीर, कणसे भाजून खायची. आम्ही घरून वांगी नेली होती, ती भाजली. मग मावशींच्या हातची नागलीची भाकरी, पिठले, ठेचा आणि इंद्रायणीचा भात. दहाच्या सुमारास मावशी हिंडत हिंडत आल्या आणि म्हणाल्या, "शेगड्या भायेरच राहू द्या बरं का. आत नेऊ नका." आम्ही हो हो म्हटले.

पण त्या पाठमोऱ्या होताच वहिनी हळूच म्हणाल्या, "कोळसा वाचवायचा असेल म्हातारीला." आणि आम्हीही हसलो. संध्याकाळी घासाघीस केलेली होती ना! आपण पैशावरून एखाद्याशी ओढाताण केली, की मग त्याचे प्रत्येक बोलणे पैशाचेच वाटू लागते.

एका तंबूत आम्ही चौघी होतो. वहिनी, माझी जाऊबाई, मी आणि धाकटी. धाकटीला आदल्या आठवड्यात खोकला झाला होता. तिचे हात बर्फासारखे लागत होते. मी बाहेर पाहिले. शेगडीत निखारे लालभडक, धूर अजिबात नाही. मी मनात म्हटले, धूर असता तर गोष्ट वेगळी. निखाऱ्याने काय होते? माझ्या दोन्ही बाळंतपणांत बाजेखाली शेगडी होती. माझी आई दिवसभर विड्या वळायची, हिवाळ्यात पायाशी घमेल्यात निखारे घेऊनच बसायची. विस्तव मला नवा होता काय? मीच, दुसऱ्या कोणी नाही, मीच दोन फडक्यांत धरून ती शेगडी आत घेतली. खाली फरशीचा एक तुकडा ठेवला, म्हणजे कापड जळायला नको. ठिणगी उडू नये म्हणून निखाऱ्यांवर राख पसरली. माझ्या हुशारीची कमाल बघा, झिप पार वरपर्यंत लावली आणि वारा येऊ नये म्हणून जाळीच्या झरोक्यावर टॉवेल अडकवला.

पाच मिनिटांत तंबू आईच्या कुशीसारखा उबदार झाला. धाकटी झोपली. जाऊबाई म्हणाली, "वहिनी, किती दिवसांनी अशी झोप येते आहे." मलाही डोळे उघडे ठेवता येईनात. डोके थोडे जड वाटले. म्हटले, दिवसभर गाडीत बसलो, दुसरे काय.

त्यानंतरचे मला जे आठवते, ते असे. झिप ओढल्याचा आवाज. गार वाऱ्याचा झोत. आणि मावशींचा ओरडा, "सांगितलं होतं का न्हाई? सांगितलं होतं का न्हाई?" मी उठून बसू गेले, तर पाय माझे नव्हतेच. त्यांनी आधी शेगडी उचलून बाहेर भिरकावली. मग धाकटीला बखोटीला धरून ओढले. पोर मान टाकून होती. मला ओकारी झाली. जाऊबाई रडत होती, पण आपण का रडतो, हे तिला कळत नव्हते. आणि वहिनी हाका मारून मारून जाग्या होईनात. मावशी आणि त्यांचा मुलगा यांनी त्यांना सतरंजीसकट बाहेर ओढले, उघड्यावर निजवले. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि विचारले, "चहा झाला का?" एरवी आम्ही त्यावर हसलो असतो.

रात्रीचा एक वाजला होता. मावशी त्या वेळी तिथे का आल्या, ते ऐका. झोपण्याआधी त्या सगळ्या शेगड्या गोळा करून पाणी ओतून विझवत असत. त्या रात्री मोजल्या, तर अकराच्या जागी दहा भरल्या. कोणी चोरली असेल म्हणून नव्हे, कोणी आत नेली असेल म्हणून त्या एकेक तंबू बाहेरून चाचपत आल्या. ज्या तंबूचे कापड हाताला कोमट लागले, तो आमचा.

त्यांच्या मुलाने जीप काढली. तासाभरात आम्ही चौघी सरकारी दवाखान्यात होतो. रात्रपाळीच्या डॉक्टरीणबाईंनी आल्या आल्या तोंडावर प्राणवायूची नळी लावली. मुलीला सर्वांत आधी. रागावल्या नाहीत. सकाळी डोके थोडे शांत झाल्यावर त्यांनी मला समजावून सांगितले. ते मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते. कारण ही माहिती मला सातवीच्या पुस्तकात मिळाली नव्हती आणि पुढचे पुस्तक मी पाहिले नाही.

कोळसा असो, लाकूड असो, गॅस असो किंवा पेट्रोल असो, ते जळताना हवा कमी पडली, की त्यातून एक विषारी वायू निघतो. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्याला झोंबत नाही. धूर आपल्याला खोकला आणून सावध तरी करतो. हा तेवढेही करत नाही. लाल निखारा दिसतो निर्मळ, पण तोच हा वायू भरपूर सोडतो. राखेने झाकला, तरी आत धुमसत तो सोडतच राहतो. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारा जो लाल पदार्थ आहे, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग प्राणवायूला जागाच उरत नाही. माणूस श्वास घेत असतो आणि आतून गुदमरत असतो. आधी डोके जड होते, मग मळमळ, चक्कर, गुंगी. आणि गुंगी आली, की उठून दार उघडण्याची शक्तीच जाते. झोपलेल्याला तर काही कळतच नाही. लहान मुले, म्हातारी माणसे, पोटुशी बाई आणि तिच्या पोटातले मूल यांना धोका अधिक.

मी त्यांना विचारले, "बाई, मग आमच्या आया-आज्या शेगडीशेजारी बाळंतपणे काढून कशा जगल्या?" त्या म्हणाल्या, "कौलारू घरे होती, फटी होत्या, दार सारखे उघडझाप व्हायचे. त्या फटींनी वाचवले. आणि सगळ्याच वाचल्या, असे तुम्हाला कोणी सांगितले? झोपेत गेली, बाहेरची बाधा झाली, असे म्हणून किती घरांनी कपाळाला हात लावला असेल." या उत्तराने मी गप्प झाले. कारण आमच्या आजोळी अशी एक बाळंतीण गेल्याचे मी लहानपणी ऐकले होते. पहाटे बाळही गार, आईही गार. लोक म्हणाले, सटवाईचा कोप. तिला काय झाले होते, हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर ती बंद खोली आली.

आता घराघरांत पाहू. आपली घरे आता स्लॅबची झाली. खिडक्यांना सरकत्या काचा आल्या. फटी गेल्या. पण जुन्या सवयी राहिल्या आणि नव्या वस्तू त्यात भर घालू लागल्या. म्हणून हात जोडून काही सांगते.

बाळंतिणीला शेक द्यायचाच असेल, तर गरम पाण्याच्या पिशवीने द्या. शेगडी, घमेले, निखारे बंद खोलीत नकोत. ओव्या-शेपांची धुरी द्यायची तर दार-खिडकी उघडी ठेवून, क्षणभर, आणि विस्तव लगेच अंगणात.

न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल, तर तो बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर लावून घ्या. न्हाणीघराला वारा खेळायला झरोका हवाच. दार लावून, झरोका बंद करून, गिझर चालू ठेवून तास तास अंघोळ नको. अंघोळीला गेलेली पोर हाकेला ओ देत नसेल, तर वाट पाहू नका.

गाडी किंवा जनरेटर शटर लावून आत चालू ठेवू नका.

आणि घरातल्या दोघा-तिघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळू लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर ते पित्त समजू नका. आधी दारे-खिडक्या उघडा, विस्तव विझवा, सगळ्यांना बाहेर काढा आणि दवाखाना गाठा. लिंबू-सरबत देत बसू नका. आत पडलेल्याला काढायला जाताना मोठा श्वास घेऊन जा आणि झटकन बाहेर या. नाहीतर एकाचे दोन होतात.

तंबूत राहायला जाणाऱ्या मुलामुलींना तर आवर्जून सांगा. आपली मुले आता सुट्टीत जातातच. तंबूच्या आत कोणताही विस्तव नको. शेगडी नको, कंदील नको, गॅसची चूलही नको. तंबूच्या तोंडाशी, पडवीसारख्या भागातही नको. एक बाजू उघडी ठेवली म्हणून भागत नाही. थंडी वाजली तर खालून जाड अंथरूण घ्या, कारण थंडी जमिनीतून चढते. डोक्याला टोपी, पायांत कोरडे मोजे आणि गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पायाशी. झरोका उघडा ठेवा. निखाऱ्यावर पाणी ओतून तो विझला का, हे बघूनच झोपा. तंबू पाण्यापासून दूर, उंचवट्यावर आणि वाळक्या फांदीखाली नाही, असा पाहून घ्या. रात्री पाण्यात कोणी उतरायचे नाही. हे सगळे मी आता शहाणपणाने सांगते आहे. पण मावशींनी आमच्या कामाचे तेवढे एकाच वाक्यात सांगितले होते आणि आम्ही ऐकले नव्हते.

रविवारी सकाळी नऊला आम्ही परत काठावर आलो. धाकटी मावशींच्या चुलीशी बसली. पाण्यावर धुके होते, त्याच्या वर रतनगडाचा माथा उन्हात आला होता. मावशींनी गरम पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या होत्या. जणू काही झालेच नव्हते. मी त्यांच्या पाया पडले. त्या मागे सरकल्या. म्हणाल्या, "अगं, पाया काय पडतीस? दोन सालांखाली पल्याडच्या काठाला दोन पोरं अशीच निजली ती उठली न्हाईत. तवापासून मी मोजते." म्हणून ते मोजणे होते. आम्ही त्याला कोळशाची चिंता म्हटले होते.

या अकोले तालुक्यातल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. गावरान बियाणे त्यांनी जपले. त्या कधी शाळेत गेलेल्या नाहीत. मी सातवी झाले याची मला आजवर लाज वाटत होती. त्या सकाळी कळले, की माझी अडचण शिक्षणाची नव्हती. मला वाटत होते, शेगडीतले मला सगळे कळते. ज्याला वाटते, मला सगळे कळते, त्याला सांगणारा दिसत नाही. मग ती सांगणारी बाई नऊवारीतली असो की डॉक्टरीण असो.

निघताना मी बादलीचे पैसे द्यायला गेले. दहा बादल्या, तिसाच्या हिशेबाने तीनशे. मावशींनी दोनशेच ठेवून घेतले, शंभर परत माझ्या हातावर ठेवले. म्हणाल्या, "बोली वीसाची झालती." मी खूप आग्रह केला. नाही घेतले. उलट वाल, ओला हरभरा आणि दोन गाजरे पदरात घातली, "आज भोगी हाय, भाजीत टाका" म्हणून. ते शंभर रुपये मी अजून मोडलेले नाहीत. देवाच्या डब्यात आहेत. तुम्ही म्हणाल, त्याचे काय करणार? मलाही कळलेले नाही.

त्या रात्री मी घरी भोगीची भाजी केली, तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या. सासूबाईंनी विचारले, "कशी झाली सहल?" मी म्हटले, छान झाली. धाकटी माझ्याकडे बघत राहिली. तिला खोटे बोलायला लावले, हा सल माझ्या मनात राहिला होता. आजचे भाषण करण्याआधी मी घरी सर्वांसमोर सगळे सांगितले. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले, न्हाणीघरात गेले आणि गिझरवरचा बंद केलेला झरोका हातोडीने मोकळा केला. सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी मला ने. मी शेगड्या मोजते."

तेव्हा अध्यक्षबाई, माझी मंडळाला विनंती आहे. पुढची सहल थांबवू नका. बायकांनी वर्षातून एक रात्र आभाळाखाली काढलीच पाहिजे. जाऊबाईचा आवाज मला पुन्हा ऐकायचा आहे. फक्त निघताना एकीने पत्करावे की, रात्री शेवटची निजणार मी आणि शेगड्या मोजणार मी. येत्या थंडीत ते काम माझ्याकडे द्यावे.